काँप्युटरखोलीतलं रुजवण

गोव्यातल्या कुडचिरे गावच्या गोकुळदास गावसाला जन्मात एकच गोष्ट हवी होती. आपण हाती घेतलेलं एखादं काम तडीला गेलं, असं बायकोनं एकदा चारचौघांत म्हणावं. मागणी काही राजवाड्याची नव्हती. पण बायको पद्मावती पडली पार्से गावची, आणि पार्स्याच्या बायका खोटं कौतुक करत नाहीत असं तिचं स्वतःचंच म्हणणं होतं. खरं कौतुक करायची संधी गोकुळदासानं तिला कधी दिली नव्हती, हेही तितकंच खरं.

त्यानं ससे पाळले, तर सशांनी पिंजऱ्याखालून बीळ पोखरून शेजारच्या जयरामाच्या परसात संसार थाटला, आणि जयराम शेवटपर्यंत म्हणत राहिला की ससे देवानंच धाडले. मधमाश्यांची पेटी आणली, तर माश्या निघून गेल्या आणि पेटीत मुंग्या राहायला आल्या. अळंबी लावली त्या वर्षी लावल्या जागी काही उगवलं नाही, पण माजघरात ठेवलेल्या गवताच्या भाऱ्यातून असलं काहीबाही वर आलं की घरातली माणसं पाट उलटा करून बघितल्याशिवाय जेवायला बसेनात. माणूस आळशी म्हणावा तर तसाही नव्हता. उलट थोडा आळशी असता तर घर सुखात असतं. डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात तो शिपाई होता. चहा द्यायचा, फायली पोचवायच्या, टेबलांवरची तांबडी धूळ पुसायची आणि ती पुन्हा बसली की पुन्हा पुसायची. ह्या कामाला त्याचं निम्मं डोकं पुरे. उरलेलं निम्मं मोकळं राही, आणि घराला धोका होता तो ह्या निम्म्याचा.

टोमॅटोचं खूळ त्याच्या डोक्यात भरवलं ते चोपडे गावच्या बाश्तियांवनं. बाश्तियांव म्हणजे पद्मावतीच्या भावाचा दोस्त, बोटीवरचा खलाशी, सगळ्या दुनियेत फिरून आलेला. एकदा रजेवर असताना त्यानं गोकुळदासाला बियांची पुडी दिली आणि म्हणाला, "हांगा टोमॅटो बेळगावच्यान येतात. तूं घरा कर मरे." एवढं बस झालं. गोकुळदासानं थेट विहिरीजवळच्या वाफ्यावर डोळा ठेवला.

आता हा वाफा पद्मावतीचा. तिथली तिची तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, अशी यायची की डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात बायका तिची वाट बघत बसत. दोन दिवस घरात नुसती भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दोन वर्सां दितां. दोन वर्सांनी टोमॅटो दिसूंक ना जाल्यार वाफो म्हजो, आनी परत तोंड उगडचें न्हय." दोन वर्षांच्या मुदतीचा हा करार गोकुळदासानं मान्य केला.

पहिल्या वर्षी त्यानं रोपं केली ती घराण्याच्या विद्येनं. गावस घराण्यात रोप वाढवायची विद्या एकच, नवरात्राचं रुजवण. देवापुढे घटाच्या मातीत धान्य रुजत घालायचं, देवघराच्या काळोखात ते पिवळंधमक आणि लांबसडक वाढतं, आणि जितकं लांब तितकी देवी प्रसन्न. दसऱ्याला ते काढून बायकांनी केसांत माळायचं आणि पुरुषांनी कानावर ठेवायचं. गोकुळदासानं टोमॅटोचं बी तसंच देवघरात रुजवलं, वर टोपली पालथी घातली. रोपं वीतभर वाढली. दोऱ्यासारखी बारीक, पिवळी आणि उंच! त्यानं अर्ध्या गावाला बोलावून ती दाखवली. मग एका सकाळी वाफ्यात लावली, आणि दुपारी बघतो तर सगळी भरपेट जेवून वामकुक्षीला लवंडावं तशी मातीवर आडवी. पद्मावती विहिरीवर पाणी काढत होती. तिनं एकदा वाफ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तांकां पांगरूण हाडूं?"

बाश्तियांव पुढच्या रजेवर आला, त्यानं हे ऐकून कपाळावर हात मारला. "अरे पिशा, काळखांत कोण वाडयता? विलायतेंतय घरांतच रोपां करतात, पूण जनेलाकडे, उजवाडांत, आनी थंड कुडींत. रुजोवपाक ऊब दी. वयर आयलें की थंड. थंडेंत रोप मोटवें रावता, देंठ दाट जाता, आनी पयलो झेलो एकदम सकयल धरता."

म्हणजे रुजवायचं उबेत, वाढवायचं उजेडात आणि गारव्यात, मग रोप बुटकं आणि दांडगं होतं आणि पहिला झेला, म्हणजे फळांचा घोस, खालीच धरतो. हे गोकुळदासाला पटलं. कोडं एकच उरलं. चवथीच्या दिवसांत, जेव्हा अंगावरचा सदरा वाळत नाही आणि घाम थांबत नाही, तेव्हा गोव्यात गारवा आणायचा कुठून?

ते सत्याऐंशी साल होतं. मे महिन्यात गोवा राज्य झालं आणि त्याच पावसाळ्यात गोकुळदासाच्या ऑफिसात काँप्युटर आला. राज्य झाल्यामुळे नेमका काय फरक पडला यावर ऑफिसात एकमत नव्हतं. कोंकणी की मराठी यावर तर चहाच्या वेळी अशी हमरीतुमरी व्हायची की गोकुळदास कप आधी उचलायचा आणि मग वाद ऐकायचा. काँप्युटरला दोन्ही भाषा येत नव्हत्या, त्यामुळे त्याच्याबद्दल मात्र सगळ्यांना सारखाच आदर होता. त्याच्यासाठी वेगळी खोली बांधली, खोलीला एसी बसवला, आणि तांबडी धूळ आत जाऊ नये म्हणून साहेबापासून सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढायच्या असा हुकूम निघाला. देवळात जाताना चप्पल काढायला कुरकुरणारे लोक इथं मुकाट्यानं काढत. काँप्युटर चालवणारा प्रज्योत नावाचा मुलगा आत स्वेटर घालून बसायचा. अख्ख्या डिचोलीत स्वेटर वापरणारा तो एकटाच.

गोकुळदास पहिल्यांदा फडकं घेऊन त्या खोलीत शिरला, अंगावर काटा आला, आणि त्यानं बघितलं तर पूर्वेला काचबंद खिडकी, तिच्यातून सकाळचं ऊन सरळ आत. तो फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. बाश्तियांवची विलायत ती हीच.

चवथीचा गणपती पोचवला आणि त्यानं लाकडी खोक्यात माती भरून बी घातलं. खोकं ठेवलं चुलीवरच्या फळीवर, उबेला. पद्मावतीनं बघितलं, पण दुसरं वर्ष करारात बसत होतं म्हणून तिनं ते तिथेच राहू दिलं. कोंब वर आले तसं टॉवेलखाली झाकून, बसमध्ये मांडीवर घेऊन त्यानं ते डिचोलीला नेलं. बाजूच्या बाईनं विचारलं, आत काय? तो म्हणाला, लाडू. ती बाई उतरेपर्यंत त्या टॉवेलवरून नजर हलवायला तयार नव्हती.

प्रज्योतला पटवायला वेळ लागला नाही. एसीत बसून त्याला सारखी चहाची तलफ यायची, आणि चहा गोकुळदासाच्या हातात होता. खोकं खिडकीत, पडद्याआड ठेवायचं, पाणी घालायचं ते चमच्यानं, आणि काँप्युटरवर मातीचा कण पडला तर दोघांनी ओळख दाखवायची नाही, असं ठरलं.

आणि काय सांगावं, रोपं खरंच बाश्तियांवनं सांगितली तशी झाली. बोटभर उंच, देठ पेन्सिलीच्या शिशाहून दाट, पानं काळपट हिरवी. गोकुळदास रोज सकाळी त्यांना बघून खूश व्हायचा आणि घरी जाऊन एक अक्षर बोलायचा नाही. या खेपेला वाफ्यात उभं पीक दाखवायचं आणि मग तिच्या तोंडून ऐकायचं, असा त्याचा बेत होता.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर यशवंतराव निंबाळकर काँप्युटर बघायला आले. हे कोल्हापूरचे. माणूस चांगला, पण आवाज असा की खाणीत सुरुंगाआधी भोंगा वाजवायची गरज पडत नसे. दोन दिवस काँप्युटर मधेच बंद पडत होता, त्यामुळे ते तापलेलेच होते. खोलीत काळोख वाटला म्हणून त्यांनी पडदा ओढला.

"हे काय आहे?"

प्रज्योतनं स्वेटरमध्ये मान घातली. गोकुळदासाच्या डोळ्यांपुढे नोकरी, वाफा आणि पद्मावतीचा चेहरा एकदम उभा राहिला. माती, कोंब, खोकं आणि नवरात्र ह्या चार गोष्टी जुळून त्याच्या तोंडातून आपोआप शब्द निघाला.

"रुजवण, साहेब. देवीचं."

साहेबांचा चेहरा विरघळला. त्यांच्याही घरी घट बसले होते. "काँप्युटरखोलीत घट बसवलात? अहो, हे मला कसं सुचलं नाही? नवी वस्तू घरात आणली आणि देवीला विचारलंच नाही. म्हणूनच बंद पडतोय तो." त्यांनी तिथल्या तिथे रुजवणाला हात जोडले. प्रज्योतनंही जोडले, कारण साहेब त्याच्याकडे बघत होते.

संध्याकाळी साहेबांच्या पत्नी रोहिणीबाई हळदकुंकू घेऊन हजर. खोक्याला झेंडूची माळ पडली. योगायोग बघा, त्या दिवसापासून काँप्युटर एकदाही बंद पडला नाही, आणि मग तर बोलायलाच नको. सगळं ऑफिस रोज सकाळी रांगेनं पाया पडून जाऊ लागलं. घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नसतो हे काय कोणाला शिकवावं लागतं? गोकुळदासाची रोपं त्याच्या डोळ्यांदेखत देवीच्या ताब्यात गेली.

टोमॅटोचं रोप एवढ्या माणसांत कोणीच कसं ओळखलं नाही, असं विचाराल. ओळखलं नाही असं नाही. रोहिणीबाईंना पहिल्याच दिवशी वाटलं की आमच्याकडे पिवळं असतं, हे हिरवं कसं? साहेब म्हणाले, गोव्याची पद्धत असेल. ऑफिसातल्या गोंयकारांना त्या पानांचा वास ओळखीचा वाटला, पण ते आपसांत म्हणाले, कोल्हापूरची पद्धत असेल, साहेबाला कशाला विचारा? अशा रीतीनं दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या रीतिभातींचा मान राखला, आणि त्या मानापानात गोकुळदास मधल्यामध्ये चिरडला.

पुढे रोहिणीबाईंना नवीच काळजी लागली. रुजवण उंच का होत नाही? देवी प्रसन्न नाही की काय? त्यांनी विचार केला आणि त्यांना कारण सापडलं. "केवढा गारठा आहे इथं! देवीला थंडी वाजत असेल. तो एसी बंद करा बघू." उबेत चार दिवस गेले असते तर रोपं गेल्या वर्षासारखीच दोरा झाली असती. पण प्रज्योत पहिल्यांदाच ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, एसी बंद जालो जाल्यार काँप्युटर मरतलो." बाई विचारात पडल्या. शेवटी देवीलाच एक शाल पांघरायचं ठरलं, आणि ती गोकुळदासानं बाईंची पाठ वळताच खुर्चीवर काढून ठेवली. नंतर ती प्रज्योत वापरत असे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं पूजेला येणाऱ्या भटजींना गाठलं. म्हणाला, यंदा रुजवण काढू नये असं काही शास्त्रात बसेल का? भटजींनी विचारलं, का? तो म्हणाला, असंच. भटजी म्हणाले, "शास्त्रांत सगळें बसता. पूण सायब कितें म्हणटा?"

दसरा उजाडला. खाणीचे ट्रक झेंडूच्या माळा घालून रांगेत उभे होते. काँप्युटरला गंध लावू देणार नाही म्हणून प्रज्योत आडवा पडला, शेवटी कीबोर्डाच्या झाकणावर तडजोड झाली. आरती झाली आणि रोहिणीबाईंनी भक्तिभावानं खोक्यात हात घातला. माती भुसभुशीत, रोपं दांडगी. मुळांसकट अलगद वर आली. एक साहेबांच्या कानावर गेलं. एक बाईंच्या अंबाड्यात. हिशेबनीस, ड्रायव्हर, खाणीवरच्या बायका, सगळ्यांना एकेक. बाबली ड्रायव्हरनं दोन मागून घेतली, एक त्याला आणि एक ट्रकच्या आरशाला. गोकुळदास खोक्याशी उभा राहून बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बघा," बाई साहेबांना म्हणाल्या, "याला म्हणतात श्रद्धा." आणि तळाशी राहिलेलं शेवटचं रोप त्यांनी त्याच्याच कानावर ठेवलं.

त्यानं आशा सोडली नाही. ट्रकपाशी जाऊन त्यानं बाबलीला म्हटलं, "तुजें तें म्हाका दी रे." बाबली त्याच्याकडे बघतच राहिला. "देवीचें कोण परत मागता? घोंट घेतला कितें?" दारू प्यायल्याचा आळ आल्यावर गोकुळदासानं पुढे कोणाला विचारलं नाही.

रिकामं खोकं घेऊन तो घरी आला. पद्मावती दारातच होती. "टोमॅटो खंय?"

त्यानं कानाकडे बोट दाखवलं. मग ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग बसून हसली, मग पदर तोंडात कोंबून हसली. गोकुळदासाला वाटलं होतं ती रागावेल. राग परवडला असता. हसणं संपल्यावर तिनं त्याच्या कानावरचं रोप काढलं, बरंच सुकलं होतं ते, आणि देवाचं पायदळी जाऊ नये म्हणून तुळशीच्या मुळाशी मातीत खोचून ठेवलं. पुढच्याच आठवड्यात वाफ्यात तांबड्या भाजीचं बी पडलं. करार तो करार.

आता तुळशीच्या मुळाशी ठेवायची रीत काही एकट्या पद्मावतीची नव्हे. साहेबांच्या बंगल्यात, ड्रायव्हरांच्या चाळीत, खाणीवरच्या बायकांच्या घरी, दसऱ्याला ज्याच्या त्याच्या कानावरचं आणि केसातलं रुजवण तुळशीतच गेलं होतं. रोपं थंडीत वाढलेली, कणखर. मुळं शाबूत. वर रोज सकाळी बायका न चुकता पाणी घालत होत्या. एवढी सेवा सरकारी फार्मातल्या रोपांना मिळत नाही. तुळशीचं लग्न आलं तेव्हा भटजींना घरोघरी तुळशीच्या शेजारी एक टोमॅटोचं झाड फुलावर आलेलं दिसलं. झाड बुटकं, आणि पहिला झेला जमिनीपासून हातभरही वर नाही. पहिल्या दोन घरांत त्यांनी नुसतेच मंत्र म्हटले. तिसऱ्या घरात विचारलं, तर उत्तर मिळालं की देवीचं रुजवण आहे, काँप्युटरखोलीतलं. मग मात्र त्यांनी त्या झाडालाही अक्षता टाकायला सुरुवात केली.

जानेवारीत फळं पिकली. 'कंपनीच्या देवीचा प्रसाद' म्हणून ती एकमेकांच्या घरी जाऊ लागली. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना एकेक फोड वाटली आणि ती ताटली फिरवायचं काम अर्थात शिपायाचं. आपल्याच टोमॅटोची फोड लोकांना वाटताना गोकुळदासाचा जीव तुटत होता. खरं सांगावं तर साहेबांशी खोटं बोलल्याबद्दल नोकरी जाईल, आणि न सांगावं तर जन्मभर कोणाला कळायचं नाही. घरच्या तुळशीतल्या झाडालाही टोमॅटो लागले होते. पद्मावतीनं ते काढून माशांच्या हुमणात, म्हणजे आमटीत घातले आणि त्याच्या पानात वाढले. तो जेवताना तीन वेळा तिच्याकडे बघून खाकरला. तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

त्याच आठवड्यात बुधवारी पद्मावती बाजारात तांबड्या भाजीच्या जुड्या मांडून बसली होती. जेवणाच्या सुट्टीत गोकुळदास तिला मदत करायला गेला, म्हणजे पोत्यावर बसून जुड्यांवर पाणी शिंपडायला. तेवढ्यात रोहिणीबाई आल्या, त्यांच्याबरोबर पिशवी धरून बाबली ड्रायव्हरची बायको विमला. विमलेला बोलायची हौस.

"भाजी बरी आसा गो," ती म्हणाली, "पूण आमच्या देवीच्या टोमॅटांची सर कशाक येवंची ना. तुज्या घोवान लायल्ले मगो दोन वर्सां टोमॅटो? एक तरी धरलो? सगळो गांव हांसता."

नवऱ्याचा विषय निघताच गोकुळदासानं मान खाली घातली. त्यात खोटं काय होतं? गाव हसत होता आणि गावाला हसायला शिकवलं होतं ते पद्मावतीनंच. पण पद्मावती उठून उभी राहिली. मांडीवरच्या जुड्या खाली पडल्या.

"कसले देवीचे? म्हज्या घोवाचे ते! तुज्या तुळशींतलो, तुज्या घोवाच्या कानावयलो, सगळे ताणें केल्ले. म्हज्या रांदणीर रुजयले आनी त्या थंड कुडींत वाडयले. आमच्या वाफ्याक एक रोप मेळूंक ना आनी तुमी खाल्ले. ताका हांसपाचो हक्क म्हजो. तुजो न्हय!"

पलीकडचा मिरचीवाला तागडी धरून थांबला. रोहिणीबाई हळूहळू गोकुळदासाकडे वळल्या. "गोकुळदास, खरं का हे?"

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं की नोकरी राहत होती, पण भर बाजारात पद्मावती खोटी पडत होती. तो उभा राहिला. हाताचं पाणी सदऱ्याला पुसलं.

"होय, बाईसाहेब. टोमॅटोच ते. मीच केले."

बाईंनी एक जुडी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग त्यांचे ओठ हलले, ते हसू होतं की काय हे गोकुळदासाला भीतीपोटी कळलं नाही. "पुढच्या नवरात्रात वांगी लावा," त्या म्हणाल्या. "ह्यांना भरली वांगी फार आवडतात. आणि ह्यांना यातलं काही सांगू नका, काँप्युटर पुन्हा बंद पडेल." त्यांनी दोन जुड्या घेतल्या आणि विमलेला घेऊन निघून गेल्या. विमलेचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता.

गोकुळदास तसाच उभा. जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती. पद्मावती खाली बसून पडलेल्या जुड्या गोळा करत होती. तिनं वर बघितलं नाही.

"वचात आतां, ऑफीस ना तुमकां?" ती म्हणाली. तो चार पावलं गेला तसं मागून पुन्हा ऐकू आलं, "आनी आयकलें? फुडल्या वर्सा अर्दो वाफो तुमचो."